वातावरचा नाच

कापूर घातलेल्या तेलाचा वास आला की मला वडशातली ती हिवाळ्यातली दुपार आठवते. सांधेवाताने माझे खांदे इतके आखडले होते, की पदरसुद्धा मुलगीच नीट करून द्यायची. शेजारच्या खोल्यांत नाटकमंडळी उतरली होती. त्यांतल्या एक वयस्क नटीबाई तेच तेल चोळून अंगणातल्या उन्हात बसायच्या आणि दोन्ही हात पाण्यातून न्यावेत तसे हळूहळू वर न्यायच्या. न राहवून मी कुंपणाशी जाऊन विचारलं, "बाई, हा नाटकातला नाच व्हय का?" त्या हसल्या. "नाई व बाई, मलेही वातच हाये. गोळ्या चालू हायेत, पण असं हलवलं नाई त राणीची तलवार कोण उचलन?" "दुखत नाई?" "दुखाच्या आधीच थांबतो ना मी. या इथी, करून पाहा." मी त्यांच्यासमोर बसले. माझा हात छातीपर्यंत आला आणि अडला. त्यांनी घाई केली नाही. "श्वास सोडा," एवढंच म्हणाल्या. मी सोडला, तसा हात आपसूक थोडा वर सरकला आणि मी तो दुसऱ्याच कुणाचा असावा तशी बघत राहिले. दुखणं अजून आहे, गोळ्याही आहेत. पण "आज हात कुठवर जाते ते पाहू," असं मनाशी म्हणत मी रोज सकाळी उठते.