पुढच्या चाकांचा नारळ
ही गोष्ट मी आजवर घरातही टाळत आलो. पण परवा पंक्चरच्या दुकानापाशी तापलेल्या रबराचा वास आला आणि तेव्हापासून चैन पडेना. साठ सालच्या आसपास उस्मानाबादेत आमची जुनी पिकअप होती. तेरखेड्याचं शोभेचं दारूकाम अणदूरच्या यात्रेला पोचवायचं होतं आणि सोलापुरात नवे टायर मिळेनात, म्हणून मी जुन्यावर रबर चढवलेले दोन निवडले. "मागंच घाला, पुढं नको, फुटला तर गाडी आवरायची नाही," दुकानदारानं बजावलं होतं. ड्रायव्हरमामांना मात्र मी तोऱ्यात नवे म्हणून सांगितलं. जेवून बाहेर येतो तर मामांनी ते पुढच्या चाकांना चढवून कुंकूही लावलेलं. "नवं हाय तर पुढंच शोभतंय की, मालक! फोडा नारळ." आळीतली माणसं जमली होती. ती चाकं मागं न्यायची तर सगळ्यांदेखत खरं सांगावं लागणार. हातातला नारळ जड झाला. "मालक, नारळाला कोंब यायची वाट बघताय काय?" कुणीतरी म्हणालं, सगळे हसले आणि मी नारळ फोडला. प्रसादाचं खोबरं वाटलं आणि गाडी निघाली. तुळजापूरच्या घाटात पुढचा टायर फुटला, गाडी कठड्यावर आदळली, मामांचा पाय गेला. दवाखान्यात मी काही बोलायच्या आतच मामांनी हात जोडले. "चुकलं मालक, नव्या टायरच्या भरवशावर जरा जोरात हाणली." मामा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्या दिवशी माफी मी मागायची होती. मी "असू द्या, मामा" म्हणालो आणि त्यांनाच माफ करून घरी आलो.