वासवाला घरी येतो

जमिनीतून निघणाऱ्या गॅसला स्वतःचा वास नसतो, ही गोष्ट शहरात कुणालाही पटत नसे. मग हा नासक्या अंड्यांचा वास येतो कुठून, असं लोक विचारत, आणि वासवाला शांतपणे सांगे, "तो मी घालतो." पुढची चौकशी सहसा होत नसे.

कंपनीने शहराबाहेरच्या माळावर विहिरी खोदून गॅस काढायला सुरुवात केली, तेव्हा आपल्याला एखादं मोठं चाक फिरवायला मिळेल असं त्याला वाटलं होतं. मिळालं ते वासाचं काम. साफ केलेला गॅस नळातून शहराकडे निघण्याआधी त्यात एका उग्र औषधाचे थेंब सोडायचे, म्हणजे कुठे गळती झाली तर नाकाला कळावं. थेंब कमी पडले तर लोक मरतील, जास्त पडले तर लोक तक्रार करतील, आणि साहेबांना धास्ती तक्रारींची. त्याने दोन्ही कधी होऊ दिलं नाही.

औषध मात्र त्याच्या कपड्यांत, केसांत, नखांत घर करून बसलं होतं. बसमध्ये त्याच्या शेजारची जागा कायम रिकामी. एकदा न्हाव्याने त्याला खुर्चीत बसवलं आणि समोरच्या दुकानदाराने थेट अग्निशमन दलाला फोन केला. बंब आला, माणसं उतरली, हुंगत हुंगत खुर्चीपाशी पोचली आणि "हा होय," म्हणून परत गेली. उरलेली अर्धी दाढी न्हाव्याने दुकानाबाहेर उरकली. वासवाल्याला त्याचं काही वाटलं नाही. त्याच्या स्वतःच्या नाकाने केव्हाच अंग काढून घेतलं होतं.

बायकोने सुरुवातीला बरीच कटकट केली, मग ती कंटाळली, मग तिला सवय झाली. संध्याकाळी ती आतल्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेली असायची. वास आला की मान वर न करताच म्हणायची, "आलात का?" आणि चहा ठेवायला उठायची. मेहुणा म्हणायचा, दाजी मागून येतात, वर्दी आधी येते. वासवाल्याला हे मनातून फार आवडायचं. संसारात इतकी दखल किती नवऱ्यांची घेतली जाते?

घरोघरी नळाचा गॅस द्यायचं ठरलं, तेव्हा कंपनीने त्यालाच गल्लोगल्ली पाठवलं. हातात औषधाची इवलीशी बाटली. ती लोकांच्या नाकाशी धरायची आणि समजवायचं: हा वास आला की काडी ओढू नका, दिव्याचं बटण दाबू नका, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा. त्याने सगळं शहर पालथं घातलं. शाळा झाल्या, दवाखाने झाले, तुरुंगही झाला. तिथे 'बाहेर पडा' तेवढं त्याने गाळलं. आपल्या घरी मात्र त्याने बाटली उघडलीच नाही. जो वास घरात रोज संध्याकाळी येतो, तो वेगळा काय ओळखायला शिकवायचा?

स्वयंपाकघरात गॅस आला तेव्हा बायको खूश झाली. शेगडीमागची रबरी नळी बघून उंदीरही खूश झाला.

एका संध्याकाळी औषधाची पिंपं घेऊन येणारा ट्रक वाटेत रखडला. ती उतरवून घेईपर्यंत वासवाल्याला थांबणं भाग होतं. उशिराचा निरोप द्यायची त्याची पद्धत नव्हती, पण ट्रकची वाट बघण्यापलीकडे काही काम नव्हतं, म्हणून त्याने घरी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर बायकोने उचलला. आज उशीर होईल, असं त्याने सांगितलं.

"उशीर कसला? आत्ताच आलात ना," ती म्हणाली. "चहाच ठेवत होते. आणि आज काय अंगावर सांडून घेतलंत? सगळं घर भरलंय."

"मी अजून कामावरच आहे."

त्याने विचारलं, "तुझ्या हातात काय आहे?"

"काडेपेटी."

"फोन तिथेच ठेव. कशालाच हात लावू नकोस. सरळ दाराबाहेर पड आणि पार कोपऱ्यापर्यंत जा."

फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर तिचं काय झालं ते कळायला त्याला काही मार्ग नव्हता. तो कुणाच्या तरी सायकलवर बसून निघाला. ती कुणाची, हे त्याला नंतरही आठवलं नाही.

ती कोपऱ्यावर फूटपाथवर बसली होती. काडेपेटी मुठीतच होती आणि मूठ उघडत नव्हती. तो शेजारी बसला आणि ढसाढसा रडला. लोक जरा लांबच उभे राहिले. त्यात रडण्याचा भाग किती आणि वासाचा किती, ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने बदली मागितली. साहेबांनी कारण विचारलं, तर म्हणाला, घरी वासाची सवय झाली आहे. साहेब म्हणाले, मग चांगलंच झालं की. तेव्हा त्याला सगळं सांगावं लागलं. साहेबांनी त्याला विहिरींवर टाकलं, जिथे गॅस अजून बिनवासाचा असतो. जुने कपडे जाळायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून ते पुरले.

आता तो घरी आल्याचा कुणाला पत्ता लागत नाही. एकदा तो मागून येऊन उभा राहिला तर बायको केवढ्याने दचकली. "तुम्ही आलात ते कळतच नाही आता," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. तेव्हापासून तो दारात थांबतो आणि "आलो गं" म्हणून हाक मारतो. आतून "या" आलं की आत जातो. कधी ती मागे कपडे वाळत घालत असते, तिला ऐकू जात नाही. मग तो पुन्हा हाक मारतो, पुन्हा मारतो. शेजारी हसतात, म्हणतात, घर तुमचंच आहे, जा की आत. तो मान डोलावतो, आणि तिचं उत्तर येईपर्यंत दारातच उभा राहतो.