स्वयंपाकघरातली शांतता

माझ्या बायकोच्या बहिणीची मुलगी सिनेमा शिकते. दोनेक वर्षांपूर्वी तिनं आमच्या दहिसरच्या घरात एक लघुपट केला. गोष्ट इतकीच: आई ताट वाढून ठेवते आणि मुलगी न जेवता निघून जाते. आईचं काम माझ्या बायकोनं केलं. तिला एकच वाक्य होतं, "जेवून तरी जा."

त्या दिवशी पंखा बंद होता, फ्रिजही. त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणे. आत सुरमई होती, त्यामुळे बायकोचं अर्धं लक्ष फ्रिजकडे.

पुढे अंधेरीच्या एका छोट्या सभागृहात आम्ही तो पाहिला. वाक्य नव्हतंच. ओट्याशी उभी तिची पाठ आणि ताटावर झाकण ठेवणारा हात, बस.

"माझं एकुलतं एक वाक्य कापलंस गं?" बाहेर येताच तिनं भाचीला विचारलं.

"मावशी, तुझी पाठच सगळं बोलली ना."

"मग पडद्यावर पाठीचंच नाव द्यायचंस."

मला मात्र भाचीचं पटलं होतं. मी जाड कादंबऱ्या वाचणारा माणूस. तिथं सगळं सांगून होतं. लघुपटाला तेवढी सवड नसते. त्यानं न सांगितलेलं आपल्याबरोबर घरी येतं, याचंच मला अप्रूप वाटलं.

पुढे बायको गेली, आणि मला ते कापलेलं वाक्यच हवं झालं. फोटो पुष्कळ आहेत, तिचा आवाज कुठेच नाही. मी लघुपट लावायचो, पाठ बघायचो. आता वळेल, असं वाटत राहायचं.

शेवटी भाचीला विचारलं. तिनं दोन दिवस शोधलं.

"काका, त्या वाक्याचे टेक पुसले गेले. एक आवाजाची फाइल आहे, पण ती वाया गेलेली."

चित्रीकरण संपलं की सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि खोलीचा नुसता आवाज घ्यायचा, अशी पद्धत असते. संकलनात मधल्या जागा भरायला तो लागतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, असं ती म्हणाली.

मी फाइल लावली. लांब कुठेतरी कुकरची शिट्टी. कावळा. मग बांगड्या, आणि अगदी कानाशी, दबक्या आवाजात:

"झालं का गं? फ्रिज लावू?"

"मावशी, यार, गप्प राहा ना. वाट लावलीस."

"सुरमईची लागेल त्याचं काय?"

सगळे हसतात. त्यात मीही आहे. तिथंच फाइल संपते.

काल दुपारी ऐकण्याआधी मी उठून फ्रिज बंद केला. घरघर थांबली, मग फाइल लावली. बांगड्या वाजेपर्यंत माझं घर आणि ते घर एकच होतं.

आत दुधाखेरीज काही नव्हतं. तरी तिनं विचारल्यावर उठलो आणि फ्रिज लावला.