चेअरमनच्या डोक्यावरची घागर

परवा दादांच्या नातीच्या नोकरीसाठी घरी पोलीस पडताळणीला आले, आणि आमचे थोरले भाऊ, दादा, एकटेच हसायला लागले... त्यांना स्वतःची पडताळणी आठवली होती.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ आणि येरमाळ्याजवळचं आमचं गाव. दादांची संरक्षण खात्याच्या कारखान्यात निवड झालेली, फक्त वर्तनाची चौकशी राहिलेली... तिथंच घोडं अडणार, अशी आईला धास्ती.

कारण थोड्याच दिवसांपूर्वी दादांनी भर सभेत गावच्या शेतकरी सोसायटीच्या चेअरमनच्या डोक्यावर भरली घागर ओतली होती. चेअरमननी गावाचा टँकर आधी स्वतःच्या मोसंबीला रिकामा केला होता. गाव मात्र दादांवरच चिडलं... घागरभर पाणी वाया घालवलं म्हणून.

तरी पोरगं सरकारी नोकरीला लागतंय म्हटल्यावर गावानं पारावर ठरवलं, घागरीचं नाव काढायचं नाही. हवालदार आले. ज्याला विचारावं तो सांगे, गुणाचं पोरगं, कधी आवाज चढवला नाही. चेअरमनचं नाव निघताच शेजारच्या काकूंनी तर कोण चेअरमन, असं उलट हवालदारालाच विचारलं.

हवालदारांनी चहा संपवला. शांतपणे म्हणाले, "मुलाखतीत पोरानं सोताच सांगितलंय, चेअरमनला भिजवलं म्हणून. मग खोटं कोण बोलतंय... पोरगं का गाव?"

आईनं पदर तोंडाला लावला... आणि नेमके तेवढ्यात चेअरमन येताना दिसले. गेली नोकरी, असंच मला वाटलं.

हवालदारांनी त्यांनाही तेच विचारलं. चेअरमननी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला.

"व्हय, ओतली की. टँकरचं माझंच चुकलं होतं. गावात एकानं तोंडावर सांगितलं, ते ह्या पोरानं. खोटं बोलायचा न्हाय, एवढं लिवा." मग जरा थांबून म्हणाले, "फकस्त कारखान्यात पाण्यापासनं लांब ठिवा म्हणावं."

दादा त्याच कारखान्यातून निवृत्त झाले. गावानं मायेपोटी नोकरी घालवत आणली होती, आणि ज्याला भिजवलं त्यानं ती वाचवली...

परवा पोलिसांनी नातीचा स्वभाव विचारला, तेव्हा दादांनी सगळ्यात आधी ती तापट असल्याचं सांगून टाकलं. नात अजून त्यांच्याशी बोलत नाही... मी मात्र मनातल्या मनात चेअरमनसाहेबांना हात जोडले.