क्रोटनला पहिला नंबर

त्या परीक्षकांचा मला अजून राग येतो. माणूस गुलाबातला जाणकार होता, हे मान्य. पण नाशकात गुलाब आणि द्राक्षं कळणाऱ्याला सगळंच कळतं असं धरून चालतात. म्हणून पुष्पप्रदर्शनात माशांच्या पेट्यांचा, 'पाण्यातली बाग' असा नवा विभाग निघाला तेव्हा निकाल द्यायला त्यांनाच बसवलं.

ऐंशीनंतरची गोष्ट. आमच्याकडे टीव्ही यायचा होता आणि बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ जिथे माझी काचेची पेटी होती, तीच जागा सगळ्यांच्या डोळ्यांत भरली होती. सासूबाई पेटीला शेवाळाचं डबकं म्हणत. "नंबर आला तर राहू दे, नाहीतर अंगणात," असं त्यांनी जाहीरच केलं होतं. अंगणातल्या उन्हात ते पाणी आंघोळीला काढल्यासारखं तापलं असतं. मासेही गेले असते आणि झाडंही.

गंगापूर धरणाच्या काठावरून आणलेली रोपं मी वाढवली होती. रिबिनीसारखी लांब पाती. बाहेरची जुनी पाती तपकिरी, एखादं फाटलेलं. पण मधून पोपटी कोंब वर येत होता, वाळूखालून धावलेल्या देठाला नवी पिल्लं फुटली होती, आणि ऊन पडलं की पात्यांवर बारीक बुडबुडे चढत. पाण्यातलं झाड जिवंत आहे हे आणखी कसं सांगायचं?

परीक्षकांनी तपकिरी पात्याकडे बोट दाखवलं. "रोग आहे," म्हणाले.

"साहेब, ते जुनं पान आहे. नवं बघा ना."

त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पहिला नंबर शेजारच्या पेटीला! तिच्यात कुणीतरी सकाळीच कुंडीतल्या क्रोटन आणि कोलियसच्या फांद्या तोडून वाळूत खुपसल्या होत्या. लाल, पिवळं, चकचकीत. "काय तजेला आहे," म्हणे. माझा तिळपापड झाला. "अहो, ही जमिनीवरची झाडं आहेत!" मी ओरडलेच. आमचे हे मात्र "जाऊ दे, चारचौघांत तमाशा नको" करत राहिले. मग मला त्यांचाही राग आला.

तिसऱ्या दिवशी बक्षीस समारंभाला सासूबाई आल्या. गोदाकाठी, म्हणजे आमच्या बोलण्यात गंगेवर, भरणाऱ्या बुधवारच्या बाजारात भाजीवाल्या त्यांना वचकून असत. देठ मोडून पाहिल्याशिवाय त्या जुडी घेत नसत. पहिल्या नंबरच्या पेटीपाशी त्यांनी नाकाला पदर लावला. पाणी गढूळ झालं होतं, मासे वर येऊन तोंडं उघडत होते. त्यांनी सरळ हात घालून एक फांदी उपटली, बोटांत दाबली. देठाचा चिखल झाला. मग माझ्या पेटीतलं एक रोप त्यांनी चिमटीत धरून ओढून पाहिलं. ते जागचं हललं नाही.

त्या फांदी घेऊन थेट परीक्षकांपुढे गेल्या. "वास घ्या."

"आजी, निकाल पहिल्या दिवशीचा असतो."

"मग तीन दिवस मांडून ठेवलंत कशाला?"

चषक क्रोटनवाल्यांनीच नेला, हे सांगताना आजही माझे कान तापतात.

घरी आल्यावर सासूबाईंनी खिडकीजवळचं टेबल पुसलं आणि "ठेव तिथंच" एवढंच म्हणाल्या. टीव्ही आला तो कपाटावर चढला. बघताना आमच्या माना अवघडायच्या. सासूबाई पुढेही माझ्या पेटीला शेवाळच म्हणत राहिल्या. पण एखाद्या पाहुण्यानं तपकिरी पात्याकडे बोट दाखवलं, की त्या लगेच म्हणायच्या, "ते जुनं आहे. नवं बघा."