शोकेसमधला रागीट फोटो

त्या रस्त्यावर फोटो स्टुडिओ एकच, आणि तो चालवणाऱ्या बाईंना सगळे हनुवटीबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. ओळखपत्राच्या फोटोसाठी स्टुलावर बसलेल्या माणसाला त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "हनुवटी खाली." मग, "कान दिसू द्या." आणि शेवटी, "हसू नका, हे लग्न नाही." समोर वकील असो की न्हावी, हनुवटी खाली म्हणजे खाली. एकदा एक गृहस्थ कुरकुरले, "अहो, माझी हनुवटी जन्मापासून अशीच आहे." बाई म्हणाल्या, "मग आजच्यापुरती सुधारा."

मागच्या खोलीत त्यांचा नवरा फ्रेमा करायचा. पट्ट्या कापायच्या, काच बसवायची, पाठीला पुठ्ठा ठोकायचा. बोलायचं काम पुढच्या खोलीत, असा त्याचा समज होता. पुढच्या खोलीत एक कॅमेरा, दोन दिवे, एक पांढरा पडदा आणि एक कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरवर स्टुडिओचा मेल उघडा असायचा. लोक आपापली ओळखपत्रं, दाखले, पोरांची कागदपत्रं तिथं पाठवायचे आणि प्रती काढून न्यायचे. निम्म्या वस्तीचे चेहरे आणि जन्मतारखा त्या एका मेलमध्ये पडून होत्या. याचा विचार कुणी केला नव्हता. बाईंनीही नाही.

लॉटरी लागल्याचं पत्र आलं ते याच मेलवर. अशी पत्रं बाईंना नवी नव्हती. भाषेची वाट लावलेली, उद्गारचिन्हांचा चिखल झालेली पत्रं त्या रोज उडवत. पण या पत्राच्या तळाशी विजेत्याच्या फोटोच्या सूचना होत्या. पार्श्वभूमी पांढरी, सावली नको, तोंड मिटलेलं, दोन्ही कान दिसलेच पाहिजेत, चेहऱ्याने चौकटीचा तीन चतुर्थांश भाग व्यापलेला हवा. बाईंनी त्या सूचना दोनदा वाचल्या. उभा जन्म त्या गिऱ्हाइकांना हेच सांगत आल्या होत्या आणि कुणी धड ऐकत नव्हतं. ज्यांना कानांची एवढी कदर आहे ते लुच्चे कसे असतील? आपण तिकीट काढलेलंच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण पत्रात लिहिलं होतं की सोडत मेलच्या पत्त्यांची होती, आणि स्टुडिओतला एक दिवा कित्येक महिन्यांपासून लुकलुकत होता.

बाईंनी आपला फोटो गुळगुळीत करून धाडला, तशी पलीकडून ओळखपत्राची प्रत मागितली गेली. दुसरा कुणी असता तर कार्डाचा जेमतेम फोटो काढून पाठवला असता. बाईंनी पाठवलेल्या पहिल्या प्रतीवर थोडी चकाकी आली होती, आणि पलीकडून उत्तर आलं, 'प्रत स्पष्ट नाही.' झालं! बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांचं काम स्पष्ट नाही? त्यांनी कार्ड पुसलं, पुन्हा स्कॅन केलं, कडा सरळ केल्या, ओरखडे काढले, अक्षर न् अक्षर उजळलं. चोराला घराची किल्ली द्यायचीच तर माणूस निदान गंजलेली देतो. बाईंनी घासूनपुसून, तेल लावून दिली. मागोमाग जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव, बँकेचा खातेनंबर. शेवटी 'विजेत्यांचं पान' उघडायला स्टुडिओचा मेल आणि त्याचा पासवर्ड. तोही टाकला.

मग लॉटरीवाल्यांनी बक्षीस सोडवायला पैसे मागितले, तेव्हा कुठे बाईंचं डोकं ठिकाणावर आलं. त्यांनी पैसे पाठवले नाहीत, पत्र उडवलं आणि कानाला खडा लावला. घरात चकार शब्द काढला नाही. पैसा तर गेला नाही, मग गेलं काय? असं त्या स्वतःला समजावत राहिल्या, आणि नेमके हेच दिवस त्यांनी चोरांना मोकळे दिले.

पुढच्या आठवड्यात चित्रकलेचे मास्तर आले. निवृत्त माणूस, फोटोला नेहमी टाय लावून येणारे. या वेळी टाय नव्हता.

"बाई, तुम्ही मागितलेली ओळखपत्राची प्रत पाठवली हो मी," ते म्हणाले. "पण आता बँकेचा नंबर कशाला हवाय तुम्हाला?"

"मी कुठं काय मागितलं?"

मास्तरांनी फोन पुढे केला. पत्ता स्टुडिओचा. खाली नाव बाईंचं. स्टुडिओच्या नोंदी नव्याने करायच्या आहेत, कार्डाच्या दोन्ही बाजू पाठवा, खातेनंबर कळवा. आणि सगळ्यात शेवटी, बाई गिऱ्हाइकांना पत्र लिहिताना नेहमी लिहायच्या ती ओळ: 'फोटोला याल तेव्हा कान दिसू द्या!'

"ही ओळ वाचली आणि म्हटलं, या तर आपल्याच बाई," मास्तर म्हणाले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कार्ड चोरलं, तारीख चोरली, ते एक वेळ चोरांचं काम म्हणून सोडून देता आलं असतं. पण यांनी जुनी पत्रं उचकून त्यांची थट्टासुद्धा चोरली होती. त्यांच्या तोंडून त्यांच्याच मास्तरांना लुबाडायला निघाले होते. कोण कुठले हे नालायक? कोणत्या खोलीत बसून, चहा पीत, त्यांची ओळ चिकटवत होते?

त्या तडक कॉम्प्युटरपाशी बसल्या आणि लिहायला लागल्या. पहिल्याच ओळीत त्यांनी समोरच्याच्या तीन पिढ्या गुंडाळल्या. दुसरी ओळ अर्ध्यात असताना नवऱ्याने आतून बहिणीला फोन केला. बाईंची ही धाकटी नणंद फोन कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन तिचं रक्त थंड झालं होतं. ती आली आणि तिने थेट वहिनीचं मनगटच धरलं.

"वहिनी, एक अक्षर पाठवायचं नाही."

"शिवीसुद्धा नाही?"

"शिवी तर मुळीच नाही. शिवी गेली की त्यांना कळतं, इथं माणूस आहे आणि पेटलेला आहे. पेटलेला माणूस परत फसतो."

"मग मी काय करू? हात चोळत बसू?"

"हात चोळायला वेळ कुठंय? आधी तू त्यांना काय काय दिलंस ते सांग. सगळं. लाजू नकोस."

बाईंनी सांगितलं. प्रत्येक गोष्टीला नवरा दारात उभा राहून डोळे विस्फारत होता, आणि त्याचे ते डोळे बाईंना चोरांपेक्षा जास्त झोंबत होते. "मूर्ख आहे मी," त्या मध्येच म्हणाल्या. नणंदेने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने आधी बँकेला फोन लावायला लावला आणि खात्याचे व्यवहार थांबवले. मग मेलचा पासवर्ड बदलला, त्यात शिरण्यासाठी फोनवर येणाऱ्या आकड्याची अट घातली. मेलच्या सेटिंगमध्ये एक अनोळखी पत्ता बसून होता. येणाऱ्या प्रत्येक पत्राची एक प्रत गुपचूप त्याला जात होती. नणंदेने त्याचा आणि मास्तरांच्या फोनवरच्या खोट्या पत्रांचा फोटो काढून ठेवला, मगच पत्ता हाकलला. तोच पासवर्ड बाईंनी आणखी कुठं कुठं वापरला होता ते विचारलं. सगळीकडे वापरला होता. सगळीकडचा बदलला.

मास्तर तोवर तिथंच बसून होते. बाईंनी त्यांना हाताला धरून त्यांच्या बँकेत नेलं, आणि तिथून दोघं पोलिसांकडे गेले.

"पैसे किती गेले?" टेबलामागच्या माणसाने मान वर न करता विचारलं.

"पैसे नाही गेले."

"मग तक्रार कसली?"

"माझं तोंड गेलंय, साहेब! माझं तोंड लावून ते गावाला लुटतायत. पैसे गेल्यावर लिहून घेणार का?"

आवाज एवढा चढला की पलीकडच्या टेबलावरचा माणूस उठून आला, आणि त्याने तक्रार लिहून घेतली, पत्रांच्या प्रती लावल्या.  बाहेर पडल्यावर मास्तर म्हणाले, "बाई, मी चिडलेलो नाही तुमच्यावर." हे ऐकून तर बाईंना आणखीच राग आला. चिडायला हवं होतं त्यांनी.

बाई स्टुडिओत परत पोहोचतात तोच फोन वाजला. पलीकडे गोड आवाज. लॉटरीत फसलेल्यांची माहिती परत मिळवून देणाऱ्या कार्यालयातून बोलतोय, थोडी फी भरली की काम होईल. बाईंनी तोंड उघडलं. नणंदेने फोन हिसकावून बंद केला.

"तेच आहेत वहिनी. नाहीतर यांना कुणी सांगितलं तू फसलीस म्हणून?"

"एकदा, फक्त एकदा मला बोलू दे गं त्यांच्याशी!"

"नाही."

बाईंनी हातातलं फडकं भिंतीवर फेकून मारलं. एवढा राग, आणि टाकायला जागा नाही.

खरा प्रश्न संध्याकाळी निघाला. चोरांनी आणखी किती जणांना पत्रं धाडली होती ते कळायला मार्ग नव्हता. पाठवलेली पत्रं त्यांनी पुसून टाकली होती. सगळ्यांना सांगायला हवं होतं. पण मेलवरून सांगावं तर त्यावर कोण विश्वास ठेवणार? खोटं पत्रही त्यांच्याच पत्त्यावरून आलेलं.

"नको सांगूस," नवरा म्हणाला. "चार दिवसांत थंड होईल. आपल्याकडे कागद सांभाळले जात नाहीत असं एकदा झालं की गिऱ्हाईक परत यायचं नाही. आपल्याला हा एकच धंदा येतो गं."

"आणि त्यांचं खातं रिकामं झालं तर?"

"लोक हसतील तुला."

"हसू देत! मी गप्प बसले तेव्हाच तर मास्तरांनी कार्ड पाठवलं. अजून किती दिवस गप्प बसू?"

 नवरा धंद्याबद्दल खरं बोलत होता, हे बाईंना कळत होतं. दुकान बसू शकत होतं. दोघांनाही दुसरं काही येत नव्हतं.  बाई उठल्या आणि पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

"अहो, कॅमेरा घ्या."

"आता?"

"चोरांकडे माझा फोटो आहे, पण तो गुळगुळीत केलेला. हा चेहरा त्यांच्याकडे नाही. घ्या."

नवऱ्याने कॅमेरा उचलला. सवयीने म्हणाला, "हनुवटी खाली." बाईंनी खाली केली नाही. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरची आठी, आवळलेला जबडा, सगळं तसंच आलं. एका सुरकुतीलाही त्यांनी हात लावू दिला नाही. मग नवराच मागे गेला आणि न सांगता त्याने त्या फोटोला सगळ्यात रुंद पट्टीची फ्रेम केली.

शोकेसमध्ये मधोमध वर्षानुवर्षं एक हसरं बाळ होतं. सकाळी त्या जागी बाई होत्या, आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर: 'लॉटरीच्या भामट्यांना मी माझी माहिती दिली, या स्टुडिओच्या मेलचा पासवर्डही दिला. माझ्या नावाने ओळखपत्र, खातेनंबर किंवा पैसे मागणारं पत्र आलं असेल तर ते माझं नाही. उत्तर देऊ नका. काही पाठवलं असेल तर आधी बँकेला कळवा. लाजू नका, आत या.'

लोक थांबले, वाचून गेले. समोरचा औषधवाला तर दुकानातल्या गिऱ्हाइकाला बाहेर आणून दाखवत होता आणि दोघं पोट धरून हसत होते. फुकटची लॉटरी, असे शब्द काचेतून आत आले. बाई आतून बघत होत्या, दात-ओठ खात होत्या, पण जागच्या हलल्या नाहीत. दुपारपर्यंत फोटो काढायला एकही माणूस आला नाही. नवरा आत एकच पट्टी पुनःपुन्हा घासत होता.

मग दार ढकलून कोपऱ्यावरची इस्त्रीवाली आत आली. शोकेसकडे न बघता आली, म्हणजे आधीच वाचून गेली होती. हातात फोन घट्ट धरलेला.

"बाई, मी पाठवलं," ती म्हणाली. "परवाच. माझं कार्ड आणि लेकीचंही. आणि खात्याचा नंबर." तिने एकदा दाराकडे वळून पाहिलं. "तुमचं नाव होतं ना, म्हणून. घरी सांगितलं नाही अजून. मी वेडी आहे का हो बाई?"

ती उभी होती तिथंच मान खाली घालून रडायला लागली. बाईंच्या छातीत इतके दिवस कोंडलेला राग उसळून वर आला, आणि पहिल्यांदाच त्यात स्वतःवरचा राग नव्हता.

"नाही," त्या म्हणाल्या. "तू वेडी नाहीस. मीही नाही. चोर ते आहेत."

त्यांनी स्टूल पुढे ओढलं, तिला बसवलं आणि आतल्या खोलीकडे बघून नवऱ्याला बँकेचा नंबर लावायला सांगितला. मग पुन्हा तिच्याकडे वळल्या.

"रडू नकोस, वेळ नाही आपल्याकडे. हनुवटी वर कर. आणि फोन उघड."