शाकाहारी मांजर

नव्वदच्या आसपास नवऱ्याच्या साहेबांची बदली झाली आणि त्यांची पर्शियन मांजर डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत आली. पांढरीशुभ्र, चपट्या नाकाची. साहेबांच्या बायकोने कंगवा आणि यादी दिली: बाहेर सोडायचं नाही, रोज केस विंचरायचे, कोमट पाण्याच्या कापसाने डोळे पुसायचे, रोज मासे घालायचे. शेवटची ओळ मी खोडली. आमच्याकडे अंडंसुद्धा येत नसे, आणि मांजरीसाठी घर बाटवायला मी काही वेडी नव्हते.

तिला दूधभात, तूपपोळी, वर साय. चार दिवस तिने तोंड फिरवलं, मग भुकेपोटी खाऊ लागली. मी त्याला संस्कार म्हटलं. हळदीकुंकवाच्या बायकांसमोर तिला भात भरवून दाखवायचे. "अगंबाई, मांजरसुद्धा सोवळ्यात!" कुणीतरी म्हणालं आणि मी मूर्खासारखी फुलले. वर्षभर ही शेखी चालली.

समोरच्या बिऱ्हाडात खाडीवरची कोळीण मासे घेऊन यायची. ती जिन्यात आली की आमची मांजर दार ओरबाडायची. एका दुपारी मी तिला कडेवर घेऊन दार उघडलं, तर कोळीण पाटी तशीच ठेवून तिच्याकडे बघत राहिली.

"बाय गो, हिचं डोलं बग. भर उन्हात पन कालंच, बावली बारीक व्हत नाय. माजराला म्हावरं नाय दिलंस तं मरल ती."

"मला शिकवू नकोस," म्हणाले आणि दार आपटलं. डोळे बघून मासळी ताजी की शिळी सांगणारी बाई ती. मी तेच डोळे रोज पुसत होते आणि मला फक्त चिपडं दिसत होती.

पुढे खिडकीवर उडी मारताना ती चुकू लागली. मी लाडाने धांदरट म्हटलं. मग ती भिंतीला अंग घासत चालू लागली. एका सकाळी झाडण्यासाठी दिवाण पुढे ओढला होता, त्यावर ती सरळ आदळली. मी तिच्यापुढे बोट नाचवलं. पापणी लवली नाही.

रिक्षाने कल्याणला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली.

"खायला काय देता?"

"शुद्ध शाकाहारी आहे ती," त्या क्षणीही मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

त्यांनी तिच्या डोळ्यांवर धरलेली बॅटरी विझवली. "वहिनी, मांजराला मांसमच्छी लागतेच. तिच्या शरीराला हवं ते भातात नसतं. नजर गेली, ती आता येणार नाही. हृदयही थकलंय. आजपासून मासे सुरू केलेत तर कदाचित जगेल."

तिथल्याच बाजारातून सुरमईचा तुकडा घेतला. माझ्याच पातेल्यात, नाकाला पदर लावून उकडला आणि बशी तिच्यापुढे ठेवली. ती बशीत पाय रोवून गुरगुरत खाऊ लागली. काटा काढायला मी हात पुढे केला, तर चाहूल लागताच अंग चोरून मागे सरली. कोण आहे ते तिला दिसत नव्हतं, पण घास हिरावला जाईल याची भीती होती. वर्षभर तिच्या तोंडचा घास काढणारी मीच होते.